माउंट युनियनला जोड कोण देणार?

ओहायो राज्याच्या ईशान्य भागात अलायन्स नावाचे एक लहान शहर आहे आणि तिथल्या माउंट युनियन या विद्यापीठात सुमारे दोन हजार विद्यार्थी शिकतात. मी नोकरीनिमित्त काही वर्षे ओहायोत राहत होतो, तेव्हा माझ्या एका सहकाऱ्याचा मुलगा माउंट युनियनच्याच साखळीतल्या दुसऱ्या एका कॉलेजकडून अमेरिकन फुटबॉल खेळत असे. त्याच्यामुळे ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी दुपारी मी अलायन्सच्या मैदानात पाहुण्या संघाच्या बाजूला जाऊन बसलो. मध्यंतरापर्यंत सामन्याचा निकाल लागल्यात जमा होता. तिसऱ्या सत्रात यजमानांनी मुख्य खेळाडूंना बाहेर बसवले आणि राखीव खेळाडू उतरवले, तरी धावफलक पुढेच सरकत राहिला. परतीच्या वाटेवर माझा सहकारी अगदी मनापासून म्हणाला, "पहिले सत्र आमच्या पोरांनी चांगले खेळले." त्या वाक्यात तक्रारीचा सूर नव्हता आणि तेच मला अधिक लागले. वर्षानुवर्षे एकाच संघाकडून हरत आलेली माणसे विजयाची आशा सोडून केवळ एका सत्राची आशा धरू लागतात, हे मी त्या दिवशी पाहिले. असा बलाढ्य संघ एकदा उभा राहिला की इतरांना त्याला खरोखर आव्हान देता येते का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे.

ज्यांना या खेळाची रचना परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने कॉलेजांचे तीन विभाग केले आहेत. दूरचित्रवाणीवर दिसणारी, लाखभर प्रेक्षकांची मैदाने असणारी विद्यापीठे पहिल्या विभागात येतात. तिसऱ्या विभागात, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये, खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देण्यास पूर्ण मनाई आहे. कौटुंबिक उत्पन्न किंवा अभ्यासातली गुणवत्ता पाहून मदत मिळू शकते, पण मुलगा चेंडू चांगला फेकतो म्हणून त्याची फी माफ होत नाही. तिसऱ्या विभागात दोनशेहून अधिक फुटबॉल संघ आहेत. साखळी सामने संपले की नोव्हेंबरच्या उत्तरार्धात बाद फेरी सुरू होते आणि तिचा शेवट थोर प्रशिक्षक एमॉस अलोन्झो स्टॅग यांच्या नावाने होणाऱ्या स्टॅग बोल या अंतिम सामन्याने होतो. कागदावर पाहिले तर सर्वांना समान संधी देणारी याहून चांगली व्यवस्था सुचणार नाही. पैशाने खेळाडू विकत घेता येत नाहीत, म्हणून कोणा एकाची सत्ता टिकू नये, असेच कोणालाही वाटेल.

प्रत्यक्षात घडले ते नेमके उलटे. लॅरी केरेस हे स्वतः माउंट युनियनचेच माजी विद्यार्थी आणि माजी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारे खेळाडू, होते आणि १९८६ पासून २०१२ पर्यंत ते या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. त्या २७ हंगामांत त्यांनी ३३२ सामने जिंकले, २४ गमावले आणि ३ बरोबरीत सोडवले. विजयाचे हे प्रमाण सुमारे ९३ टक्के भरते आणि पूर्ण कारकिर्दीच्या हिशेबाने महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात ते सर्वोच्च मानले जाते. त्यांच्या काळात संघाने ११ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. नंतर त्यांचे चिरंजीव व्हिन्स केरेस यांनी २०१५ आणि २०१७ मध्ये आणखी दोन मिळवली. १९९६ ते १९९९ या काळात संघाने सलग ५४ सामने जिंकले. ती मालिका खंडित झाल्यावर त्याने पुढच्याच हंगामापासून नवी सुरू केली आणि ती ५५ सामन्यांपर्यंत नेली. २००५ पासून २०१५ पर्यंत सलग ११ वर्षे अंतिम सामन्यातला एक संघ माउंट युनियन हाच होता.

हे कसे साधले याची उत्तरे लोक वेगवेगळी देतात. मला त्यात खेळाडूंची संख्या आणि माणसांचे सातत्य या दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. शिष्यवृत्तीच नसल्यामुळे संघात किती मुले घ्यावीत यावर पैशाचे बंधन राहत नाही. उलट, लहान खाजगी कॉलेजांना फी भरणारे विद्यार्थी हवेच असतात आणि फुटबॉलसाठी येणारा प्रत्येक मुलगा हा फी भरणाराही असतो. त्यामुळे माउंट युनियनसारख्या ठिकाणी संघाची नोंदवही प्रचंड फुगते. त्यातली बरीच मुले पहिली दोन वर्षे राखीव संघाच्या सामन्यांतच घडतात. मी त्या शनिवारी पाहिलेले राखीव खेळाडू हे दुय्यम दर्जाचे खेळाडू नव्हते, ते फक्त वयाने आणि अनुभवाने लहान होते आणि दोन वर्षांनी त्यांतलेच अनेक जण मुख्य संघात खेळणार होते. दुसऱ्या बाजूच्या कॉलेजाकडे पहिली फळी बरी असते, पण चौथ्या सत्रात ती दमली की तिच्यामागे कोणी नसते.

सातत्याची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. केरेस यांच्या नंतर मुलगा आला, मुलाच्या नंतर २०२० मध्ये संघाचेच माजी खेळाडू जेफ डार्ट आले. एकच पद्धत, एकच भाषा पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाते. या तालमीतून बाहेर पडलेली माणसे पाहिली की तिचा दर्जा कळतो. २०२५ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फिया ईगल्सला सुपर बोल, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक साखळीचा अंतिम सामना, जिंकून देणारे प्रशिक्षक निक सिरियानी हे माउंट युनियनचे रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे खेळाडू, होते. मॅट कॅम्पबेल आणि जेसन कँडल हे पहिल्या विभागातले नामवंत प्रशिक्षकही इथेच खेळले. खेळाडूंमध्ये पिएर गार्सों आणि सेसिल शॉर्ट्स हे इथूनच निवडले जाऊन एनएफएलपर्यंत पोहोचले. तिसऱ्या विभागातून तिथवर जाणारी मुले अगदी विरळ असतात.

अशा संघाला हरवणारे कोण होते, याची यादी मी एकदा बसून तपासली आणि तिच्यात मला एक धागा दिसला. १९९९ च्या उपांत्य सामन्यात न्यू जर्सीच्या रोवन विद्यापीठाने जादा वेळेत २४-१७ असा विजय मिळवून ५४ सामन्यांची मालिका तोडली, तेव्हा सगळीकडे त्याला चमत्कार म्हटले गेले असेल. परंतु हाच रोवनचा संघ १९९३, १९९६ आणि १९९८ असा तीनदा अंतिम सामन्यात माउंट युनियनकडून हरला होता. ५५ सामन्यांची मालिका २००३ च्या अंतिम सामन्यात मिनेसोटाच्या सेंट जॉन्सने २४-६ अशी संपवली. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये सर्वाधिक, ४८९, विजय ज्यांच्या नावावर आहेत ते जॉन गॅग्लिआर्डी या संघाचे प्रशिक्षक होते. हा संघसुद्धा २००० च्या अंतिम सामन्यात माउंट युनियनकडून १०-७ असा, अवघ्या तीन गुणांनी, हरलेला होता. म्हणजे दोन्ही वेळा जिंकणारा संघ आधी त्याच प्रतिस्पर्ध्याशी मोठ्या सामन्यात भिडून, हरून, काय कमी पडले ते पाहून परत आलेला होता.

कुस्तीत मल्लाला जोड लागते असे आपण म्हणतो. बरोबरीचा किंवा थोडा वरचढ पैलवान रोज अंगाला भिडला नाही तर ताकद असूनही डाव घडत नाहीत. माझे मत असे झाले आहे की माउंट युनियनच्या बाबतीत प्रतिस्पर्ध्यांना कमी पडत होती ती अशी जोड, आणि ज्यांना ती मिळाली ते यथावकाश जिंकले.

विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. हे सरकारी विद्यापीठ आहे, माउंट युनियनच्या कित्येक पट मोठे आहे आणि राज्यातल्या मुलांना तिथली फी खाजगी कॉलेजांच्या मानाने खूपच कमी पडते. तरीही २००५ मध्ये हा संघ प्रथमच अंतिम फेरीत आला तेव्हा ३५-२८ असा हरला आणि २००६ मध्ये पुन्हा ३५-१६ असा हरला. अनेक संघ इथे खचले असते. पण २००७ मध्ये व्हाइटवॉटरचे माजी क्वार्टरबॅक लान्स लायपोल्ड मुख्य प्रशिक्षक म्हणून परत आले आणि पहिल्याच हंगामात त्यांच्या संघाने ३१-२१ असा विजय मिळवला. २००८ मध्ये माउंट युनियनने ३१-२६ अशी परतफेड केली. त्यानंतर २००९ मध्ये ३८-२८, २०१० मध्ये ३१-२१ आणि २०११ मध्ये १३-१० असे सलग तीन अंतिम सामने व्हाइटवॉटरने जिंकले. सात वर्षे सलग तेच दोन संघ डिसेंबरमध्ये व्हर्जिनियातल्या सेलम गावी समोरासमोर आले. २०१३ मध्ये ते पुन्हा भेटले तेव्हा निकाल व्हाइटवॉटरच्या बाजूने ५२-१४ असा एकतर्फी लागला आणि २०१४ मध्येही त्यांच्याच बाजूने ४३-३४ असा. लायपोल्ड यांनी आठ हंगामांत १०९ सामने जिंकले आणि फक्त ६ गमावले.

त्या काळात इतर कॉलेजांचे चाहते कंटाळून गेले होते आणि दोनच संघांची स्पर्धा म्हणजे स्पर्धाच नव्हे अशी टीका सतत होत असे. मला ती टीका कधीच पूर्णपणे पटली नाही. सलग सात वर्षे दोन प्रशिक्षकवर्ग एकमेकांचे डाव ओळखून नवे डाव आणत होते आणि २०११ चा १३-१० हा निकाल त्याचीच साक्ष देतो, कारण गुणांचा पाऊस पाडणारे दोन संघ त्या दिवशी एकमेकांना इतके ओळखत होते की कोणालाच मोकळी जागा मिळाली नाही. माउंट युनियनही या झुंजीतून अधिक चांगला झाला असे मी म्हणेन. ज्याला हरण्याची भीतीच उरलेली नाही त्या संघाला खेळताना पाहण्यात मला आनंद वाटत नाही.

व्हाइटवॉटरची मालिका ज्या सामन्यात तुटली तो तर या संपूर्ण विषयातला माझा सर्वांत आवडता निकाल आहे. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये सलग ४६ विजय नावावर असलेल्या या संघाला न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो स्टेटने त्यांच्याच मैदानावर ७-६ असे हरवले. एका गुणाने. पण बफेलो स्टेटने त्यातून नवी सत्ता उभी केली नाही. एका दिवशी हरवणे आणि आव्हान देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला धैर्य आणि थोडे नशीब पुरते, दुसरीला दहा वर्षे लागतात.

दहा वर्षे हा आकडा मी सहज लिहिलेला नाही. टेक्सासमधल्या बेल्टन येथील मेरी हार्डिन-बेलर विद्यापीठात फुटबॉल संघच १९९८ मध्ये सुरू झाला. २००४ मध्ये तो अंतिम फेरीत पोहोचला आणि लिनफिल्ड या कॉलेजकडून हरला. २०१६ च्या उपांत्य सामन्यात त्याने माउंट युनियनला १४-१२ असे हरवून पुढे विजेतेपद मिळवले. मात्र एका खेळाडूला प्रशिक्षकाने स्वतःची गाडी वापरायला दिल्याच्या नियमभंगामुळे ते विजेतेपद पुढे रद्द झाले. २०१७ चा अंतिम सामना माउंट युनियनने १२-० असा जिंकला आणि २०१८ चा मेरी हार्डिन-बेलरने २४-१६ असा. गंमत म्हणजे २००४ पासून २०१८ पर्यंत मैदानावर विजेता ठरलेल्या प्रत्येक संघाच्या गणवेशाचा रंग जांभळा होता. सत्ता वाटली जात होती, पण घर एकच होते.

मिनेसोटातल्या सेंट थॉमसच्या वाट्याला मात्र जे आले त्याचे मला आजही वाईट वाटते. हा संघ २०१२ आणि २०१५ मध्ये माउंट युनियनविरुद्ध अंतिम सामना खेळला आणि दोन्ही वेळा हरला. राष्ट्रीय पातळीवर तो आव्हानवीर होता, पण आपल्या साखळीत तोच बलाढ्य होता. २०१७ मध्ये त्याने सेंट ओलाफला ९७-० असे हरवले. २०१९ मध्ये साखळीतल्या इतर कॉलेजांनी स्पर्धेतला समतोल राहत नसल्याचे कारण देऊन सेंट थॉमसला साखळीतून बाहेर पडायला लावले, आणि २०२१ मध्ये ते विद्यापीठ थेट पहिल्या विभागात गेले. ९७-० असा पराभव पत्करणाऱ्या मुलांच्या मनाची अवस्था मी समजू शकतो, कारण त्यातली थोडी मी अलायन्सला जवळून पाहिली आहे. तरीसुद्धा बलाढ्याला घराबाहेर काढणे हे आव्हानाचे उत्तर नाही असे मला ठामपणे वाटते. ओहायोतल्या कॉलेजांनी माउंट युनियनला कधी असे बाहेर काढले नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

अलीकडच्या वर्षांत माउंट युनियनला जी खरी जोड मिळाली ती इलिनॉय राज्यातल्या नेपरव्हिलच्या नॉर्थ सेंट्रल कॉलेजची. २०१३ च्या उपांत्य सामन्यात हा संघ ४१-४० असा हरला होता. एका गुणाच्या त्या पराभवानंतर सहा वर्षांनी, २०१९ मध्ये, बाद फेरीच्या दुसऱ्याच टप्प्यात अलायन्सच्या मैदानावर त्याने ५९-५२ असा विजय मिळवला आणि त्याच हंगामात व्हाइटवॉटरला ४१-१४ असे हरवून पहिले विजेतेपद घेतले. पुढे २०२१ च्या उपांत्य सामन्यात, २०२२ च्या अंतिम सामन्यात २८-२१ असे आणि २०२४ च्या हंगामाच्या अंतिम सामन्यात ४१-२५ असे त्याने माउंट युनियनला पुन्हा पुन्हा हरवले. या काळात मुख्य प्रशिक्षक बदलला तरी घडी विस्कटली नाही, कारण २०२२ मध्ये सूत्रे घेणारे ब्रॅड स्पेन्सर हे याच संघाचे माजी खेळाडू होते. मोठा संघ आणि घरातलीच माणसे, हा माउंट युनियनचाच धडा नॉर्थ सेंट्रलने शिकागोच्या उपनगरांतली मुले घेऊन गिरवला. आता तर बलाढ्य कोण आणि आव्हानवीर कोण हे सांगताना थांबावे लागते. २०२३ च्या अंतिम सामन्यात नॉर्थ सेंट्रलची सलग २९ विजयांची मालिका न्यूयॉर्कच्या कोर्टलँडने ३८-३७ अशी तोडली. शेवटच्या मिनिटांत टचडाउन करून, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन, नॉर्थ सेंट्रलने त्यानंतर मिळणाऱ्या जादा संधीत बरोबरीच्या एका गुणाऐवजी विजयाचे दोन गुण घेण्याचा प्रयत्न केला आणि तो अडवला गेला. हरले तरी तो निर्णय योग्य होता असे माझे मत आहे.

मग प्रश्न उरतो तो माझ्या सहकाऱ्याच्या मुलाच्या कॉलेजचा. दूरवरचे संघ दोनतीन अनुभवांत शिकतात, तर ज्यांची गाठ माउंट युनियनशी दरवर्षीच पडते ते शेजारी का शिकत नाहीत? जोडीचा माझा सिद्धान्त इथे अडखळतो हे मला मान्य आहे. माझ्या मते त्याचे कारण मैदानाबाहेर आहे. ओहायो साखळीतली सर्व कॉलेजे त्याच भागातल्या शाळांतून मुले निवडतात आणि ज्या मुलाला जिंकायचे आहे तो घरापासून तेवढ्याच अंतरावरचे माउंट युनियन निवडतो. नॉर्थ सेंट्रल किंवा व्हाइटवॉटर यांच्या मुलांच्या मनात हा पर्याय सहसा येतच नाही. शिवाय पन्नास गुणांनी झालेल्या पराभवातून शिकण्यासारखे फारसे काही नसते. एका गुणाने झालेला पराभव सहा वर्षे जागा ठेवतो.

तरीही शेजाऱ्यांनी ते करून दाखवलेले आहे. माउंट युनियनने बाद फेरी वगळता नियमित हंगामातले सलग ११० सामने जिंकले होते तेव्हा, २००५ मध्ये, ओहायो नॉर्दर्नने त्याला २१-१४ असे हरवले. पुढची मालिका त्याहूनही लांबली आणि ११२ वर पोहोचली, तेव्हा २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जॉन कॅरोल विद्यापीठाने ३१-२८ अशी ती संपवली. क्लीव्हलँडच्या उपनगरातला हा संघ त्या वर्षी थेट उपांत्य फेरीत गेला आणि तिथे विस्कॉन्सिन-ऑशकॉश विद्यापीठाकडून १०-३ असा हरला. तो हंगाम मी जितक्या आतुरतेने पाहिला तितका क्वचितच दुसरा पाहिला असेन, कारण शेजारी आता कायमचा उभा राहणार अशी मला खात्री वाटत होती. ते घडले नाही. प्रशिक्षक टॉम आर्थ त्या हंगामानंतर पहिल्या विभागातल्या चॅटनूगाला गेले आणि घडी बसता बसता राहिली. २०२५ मध्ये जॉन कॅरोलने ही साखळीच सोडून दुसऱ्या साखळीत प्रवेश केला. आता हे दोन संघ दरवर्षी हमखास भेटणार नाहीत. भेटलेच तर बहुधा बाद फेरीत भेटतील, आणि २०२४ पासून ती ४० संघांची झाल्यामुळे तशी शक्यता पूर्वीपेक्षा थोडी वाढली आहे. माझ्या सहकाऱ्याचा मुलगा आता एका शाळेत मुलांना हाच खेळ शिकवतो. गेल्या वेळी बोललो तेव्हा त्याने सांगितले की त्याच्या संघातली दोन मुले पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार आहेत, दोघांनाही माउंट युनियनचे बोलावणे आले आहे, आणि त्यांतल्या एकाने ते नाकारून जवळच्याच दुसऱ्या कॉलेजची निवड केली आहे.